नागरगोजे सर आणि नो सिग्नल

नागरगोजे सर कुठलीही वायर जोडण्याआधी दोन्ही यंत्रांची एकमेकांशी ओळख करून देतात. मनातल्या मनात नाही, चांगली मोठ्यानं. "हे आमचे लॅपटॉपराव. स्वभाव शांत, बॅटरी जरा कमजोर. अन् ह्या मॉनिटरबाई, मोठ्या घरच्या." मग वायरीची दोन टोकं दोन हातांत धरून क्षणभर डोळे मिटतात आणि मगच ती खोचतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. पण सर थट्टा कधीच करत नाहीत.

शिरूर कासारपासून आतल्या अंगाला आमची शाळा. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात आणि पोरं शाळेच्या वसतिगृहात राहतात. रविवारी दुपारी सर या पोरांची आईबापांशी व्हिडिओ कॉलवर गाठ घालून देतात. लॅपटॉपच्या चिमुकल्या पडद्यावर आई धड ओळखू येईना, म्हणून सरांनी बंद पडलेल्या एका कम्प्युटर क्लासमधून मोठा मॉनिटर मिळवला. तेव्हापासून शाळेत आईबाप कमी आणि 'नो सिग्नल' जास्त दिसायला लागलं.

सरांना त्याचं काही वाटत नाही. "नो सिग्नल म्हंजी नकार न्हाई, मॅडम. लाजणं हाय ते."

सरांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. पंचक्रोशीतल्या बऱ्याच सोयरिकी मात्र त्यांनीच जुळवल्यात, आणि यंत्रांकडंही ते त्याच नजरेनं बघतात. वायर पहिल्या खाचेत आणि मॉनिटरवर निवडलेली दुसरी, असं झालं की म्हणणार, "पाव्हणे पुढच्या दारात उभे, अन् यजमान मागच्या दारात हार घेऊन!" पडदा लुकलुकला तर वायर ढिली नसते, 'मधला माणूस कच्चा' असतो. चित्र कडेला कापलं गेलं की आधी लॅपटॉपला दम भरणार, "अंगापरीस सदरा मोठा कावून शिवला बे?" आणि मग सेटिंगमध्ये जाऊन मापं बदलणार. यातलं काहीच लागू पडलं नाही तर सगळं बंद करायचं, वायर काढायची आणि चहा प्यायचा. "दोघांला जरा इचार करू द्या." चहा संपवून पुन्हा जोडलं की बहुतेक वेळा चित्र येतं, आणि सर आमच्याकडे मुलीच्या बापासारखं बघतात.

एकदा ते यायच्या आत मी कीबोर्डवरची दोन बटणं दाबली आणि चित्र आलं. सर दारातच थबकले.

"ओळख न करून देता?"

"लागलं ना पण, सर."

"बळजबरीचं लगीन हाय हे. टिकायचं न्हाई."

आणि खरंच, तेवढ्यात लाइट गेली. मॉनिटर काळाठिक्कर. पुढं आठवडाभर ते माझ्याशी फक्त हजेरीपुरतं बोलले.

रविवारचा त्यांचा शिरस्ता ठरलेला. कॉल आधी लॅपटॉपवर लावायचा, आवाज बंद ठेवून. पलीकडचा माणूस नीट दिसतोय, फोन आडवा धरलाय, एवढी खात्री झाली की मग चित्र मॉनिटरवर सरकवायचं आणि आवाज सोडायचा. पोरं मॉनिटरसमोर बसलेली असतात. लॅपटॉप फक्त सरांना दिसतो, आणि शेजारी बसून नंबर लावून देणाऱ्या मला.

थंडीतल्या एका रविवारी पल्लवीची पाळी आली. तिसरीतली पोर. तिला आई नाही. वडील एकटेच ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेले. सकाळपासून वेण्या घालून, तोंडाला पावडर लावून ती तयार होती. बाबांना तेराचा पाढा म्हणून दाखवायचा होता.

लॅपटॉपवर वडील आले. उजवा हात कोपरापर्यंत कापडात गुंडाळून गळ्यात अडकवलेला. कापडावर लाल डाग. ते काहीतरी बोलत होते, पण आवाज बंद होता. मग त्यांनी डावा हात उचलला आणि 'नको, नको' असा हलवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सर, बाबा आले का?" पल्लवीनं विचारलं.

सरांनी टेबलाखाली हात घातला आणि वायर ओढली. मॉनिटरवरचं नेहमीचं डोंगराचं चित्र गेलं, 'नो सिग्नल' आलं. सर उठून मॉनिटरच्या मागं गेले. उगाच खुडबुड केली. ओळख करून दिली नाही, डोळे मिटले नाहीत.

"न्हाई लागत," ते म्हणाले. "हारलो मी."

सरांच्या तोंडून असं कुणी ऐकलं नव्हतं.

"चहा पिऊन बघा ना, सर," मागून एकानं सुचवलं.

"आज न्हाई व्हायचं. वायरच गेली. काय मॅडम?"

"पार गेलीय," मी म्हणाले आणि लॅपटॉप मिटला.

सर मोबाइल घेऊन मैदानाच्या टोकाला गेले आणि बराच वेळ बोलत राहिले. मला नंतर कळलं, कोयता निसटून हात कापला होता. टाके पडले, पण बोटं वाचली. "पोरीनं हे बघितलं तर घास खायची न्हाई, सर," एवढंच वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते. पुढच्या खेपेला ते अंगावर चादर घेऊन बसले आणि सगळा पाढा ऐकून हसले.

पण त्या दुपारी मला हे काही माहीत नव्हतं. सर परतले ते वर्गात आलेच नाहीत. व्हरांड्याच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले. खांदे हलत होते. मी दारातच उभी राहिले. पल्लवी मात्र सरळ गेली, त्यांच्या शेजारी टेकली आणि वाकून त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"सर, तुमी कावून रडायलात?"

सरांनी रुमाल काढला. डोळे पुसले.

"वायरच खराब हाय," तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी लई केलं. त्याला तुमी तरी काय करणार? रडू नगा. पुढल्या रविवारी लागंल."

"बरं," सर म्हणाले.