रिकाम्या पेटीपुढची रांग

तीन नंबरच्या दालनात तोकिएबाई गेली अकरा वर्षं खुर्चीवर बसून चहाच्या एका वाडग्यावर पहारा देत होत्या. वाडगा चारशे वर्षांचा. बघायला दिवसाला चार माणसं, त्यातली दोन संडास शोधत आलेली. संग्रहालयाचे संचालक शिराईशीसाहेब एकदा त्यांच्यापुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, "बाई, मार्चपर्यंत गर्दी झाली नाही तर दालन बंद करावं लागेल. मग तुमचीही नोकरी..." पुढचं त्यांनी सभ्यपणे गिळलं.

त्यात वाडग्याला बारीकशी चीर दिसली आणि तो दुरुस्तीसाठी क्योतोला गेला. काचेच्या पेटीत उरलं फक्त एक कार्ड : 'वाडगा नाही. आपली गैरसोय झाली, क्षमा असावी.'

पुढच्या रविवारी साहेबांनी अडगळ काढायला सांगितली. तीत एक उंच दांड्याची पाटी निघाली : 'रांगेचा शेवट इथे.' मोठ्या संग्रहालयांत ती रोज लागते, इथे नवीकोरीच होती बिचारी. ती टाकायला नेताना बरोबर पेटीसमोर बाईंच्या बुटाची नाडी सुटली. पाटी एका हातात धरून त्या खाली वाकल्या. उठून बघतात तर मागे आठ माणसं, सारख्या अंतरावर, शिस्तीत उभी!

"अहो, इथे काही..."

"असू दे, असू दे! आम्हाला मुळीच घाई नाही," पहिले आजोबा म्हणाले.

आता एवढ्या सज्जन माणसांना 'तुम्ही चुकलात' असं तोंडावर सांगायचं? छे! बाईंनी पाटी शेवटच्या माणसाच्या हाती दिली आणि पेटीशेजारी उभ्या राहिल्या. "न रेंगाळता पुढे चला. प्रत्येकी वीस सेकंद."

वीस सेकंद म्हटल्याबरोबर पेटीचा भाव वाढला.

"अहो, यात काहीच नाहीये," आजोबांची बायको कुजबुजली.

"तेच तर बघायचंय! हळू बोल."

संध्याकाळपर्यंत रांग रस्त्यावर गेली. एका बातमीदाराने शिराईशीसाहेबांना विचारलं, "एवढी धाडसी मांडणी सुचली कशी?"

"तीन वर्षं चिंतन चालू होतं," साहेब म्हणाले. त्यांना हे पाच मिनिटांपूर्वी कळलं होतं.

मार्चमध्ये वाडगा परत आला, पेटीत ठेवला. रांगेतल्या पहिल्याच बाई हळहळल्या, "अरेरे, मधे हे काय आणून ठेवलंत? सगळं झाकलं गेलं की हो!" दुपारी वाडगा कोठारात गेला.

दालन वाचलं. तोकिएबाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं आणि नेहमीपेक्षा बरेच खाली वाकले.

"बाई, सगळं तुमच्यामुळे झालं. पण आता आत काहीच नाही म्हटल्यावर राखायचं काय? उद्याचा दिवस शेवटचा."

वाकणं बघा मेल्याचं, बाई मनात म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाटी घेऊन साहेबांच्या खोलीबाहेर ताठ उभ्या राहिल्या. दहा वाजता साहेबांनी दार उघडलं, तेव्हा पाटी जिना उतरून पार रस्त्यावर पोहोचली होती. रांगेतल्या पहिल्या गृहस्थांनी साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "इथेही आत काही नाही ना?"

"काही म्हणजे काही नाही," तोकिएबाई म्हणाल्या. "वीस सेकंद."