साडी नेसलेले बांबू

ग्वारीघाटच्या पुढे चांगलं मटाराचं शेत मोडून बांबू लावणारा माणूस एकच, तो म्हणजे अंबादास! गाव पोट धरून हसलं. अंबादासने ठणकावून सांगितलं, की पर्यावरणासाठी सरकार बांबूला अनुदान देतं, आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता हाती पडला की हसणाऱ्या प्रत्येकाला घरी बोलावून पेढा भरवीन. म्हणजे त्या हप्त्यावर त्याचं नाकच टांगलेलं होतं.

तिसऱ्या वर्षी बांबू इतके सरळ वाढले, की अंबादासला राहवेना. पाडव्याच्या तोंडावर त्याने शहरात दीक्षितपुऱ्यातल्या मराठी घरांत जाऊन जाहीर केलं, यंदा गुढीची काठी कोणी विकत आणायची नाही, माझ्या शेतातून न्या. फुकटाला कोण नाही म्हणतो? संध्याकाळपर्यंत शेताची पार हजामत झाली होती.

पाडव्याच्या सकाळी फोन आला. मार्चअखेर असल्यामुळे अधिकारी शैलेंद्र दुबे सुट्टी असूनही दुपारी तपासणीला येणार होते. अंबादासच्या तोंडचं पाणी पळालं.

"विचारून तर घ्या त्यांना, काय मोजून राहिले ते," पुरण वाटता वाटता अंजनी, त्याची बायको, म्हणाली.

"काहून विचारू? सरकारला विचारायचं नसते, दाखवायचं असते!"

त्याने दीक्षितपुऱ्यात फोनांचा सपाटा लावला, बांबू परत आणा म्हणून. बायकांनी साफ सांगितलं, उभारलेली गुढी सूर्यास्ताआधी उतरवत नसतात. मग उभ्याच आणा, अंबादास म्हणाला. आणि खरंच, साडी, तांब्या, कडुलिंब, गाठी अशा साजासकट गुढ्या ऑटोंतून उभ्याच्या उभ्या निघाल्या, सोबत बायकाही. सदरच्या बाजारात रस्त्यावरचा हवालदार सुद्धा बाजूला झाला. त्याला वाटलं, कोणाची तरी मिरवणूक आहे.

शेतात पोचताच अंबादासने एकेक गुढी तोडलेल्या बांबूच्या बेटाशेजारी रोवली. दुबेजी आले तेव्हा शेतभर रेशमी पदर फडफडत होते.

"ये क्या है, भैया?"

"बाँस है जी. गिन लीजिए."

दुबेजींनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ते तर बेटांची मुळं मोजणार होते! बांबू कापला तरी बेट जिवंत राहतं, उलट जोमानं फुटतं, तोडायला कोणाचीच मनाई नव्हती. आता मात्र बिनमुळांच्या काठ्या रोवलेल्या पाहून त्यांना यात लबाडीचा वास येऊ लागला. काढा म्हणाले. बायका म्हणाल्या, सूर्यास्तानंतर.

अंबादास मधे उभा राहिला. "सणाची गुढी आहे साहेब. अनुदान गेलं तरी चालेल, उतरणार नाही!"

शेवटी दुबेजींनी बूट काढले आणि साड्यांचे काठ अदबीने बाजूला सारत एकेक बेट तपासलं. दर वेळी कोणीतरी बाई दटावायची, भैया, निऱ्या बिघडवू नका. सगळी बेटं जिवंत निघाली. दुबेजींनी समाधानाने फोटो काढले, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि मंजुरीची शिफारस करतो म्हणाले. अंबादासने त्याच संध्याकाळी गावाला पेढे वाटून टाकले.

पुढच्या महिन्यात वरच्या कार्यालयातून फोटो परत आले. शेरा होता, शेतात बांबू दिसत नाहीत, महिलांचा मेळावा दिसतो, सबब हप्ता नामंजूर.

"मी म्हटलं होतं न, विचारून घ्या," अंजनी म्हणाली.

"साडी नेसवली म्हणून बांबू काय बाई होते?" अंबादास गरजला आणि हेच वाक्य त्याने शुद्ध हिंदीत लिहून वर पाठवलं. उत्तर आलं. महिला मेळाव्यासाठी वेगळी योजना आहे, तिथे अर्ज करावा.

अंजनीने तो केला. तिचं अनुदान आलं.