विहीणबाईंच्या पाच लाख भाकरी

मंडळी, एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. माझं सॉफ्टवेअर कोसळत नाही! पंखा बंद पडेल, नळ कोरडा पडेल, आमच्या जुळे सोलापुरातली वीज दिवसातून चारदा जाईल, पण मी लिहिलेलं वेब फ्रेमवर्क जागचं हलणार नाही. त्या मंगळवारीसुद्धा ते हललं नाही. बाकी सगळं हललं!

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे आमच्या सौ. सिद्धेश्वरीला मी लग्न झाल्यापासून सहा वेळा समजावलंय. वेबसाइट बांधताना दरवेळी पायापासून सुरुवात नको, म्हणून खांब-तुळया आधीच तयार असलेला सांगाडा. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, त्यात भर घालावी, चुका काढाव्यात.

"म्हणजे तुम्ही फुकट राबायचं आणि वर लोकांनी चुका काढायच्या?" असं ती सहाही वेळा म्हणाली. सातव्यांदा मी समजावलं नाही.

हा सांगाडा मी रस्ट नावाच्या भाषेत बांधलाय. भलती शिस्तीची भाषा! आपण प्रोग्राम लिहून द्यावा, तर तिचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासणारा, कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा चष्म्यावरून बघतो. ही वस्तू कोणाच्या ताब्यात आहे? उसनी दिली असेल तर परत कधी येणार? कागद पुरे झाल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. पण एकदा का त्याने शिक्का मारला, की डोळे मिटून झोपावं. फक्त एकच गोष्ट हा हेडक्लार्क तपासत नाही. पाकिटावर पत्ता कोणाचा लिहिलाय, ते!

फ्रेमवर्कला मी नाव दिलं 'मालदांडी'. मंगळवेढ्याच्या ज्वारीचं. जगात एकूण चौदा माणसं ते वापरत होती. पंधरावी होती माझी शरणम्माआत्या. अर्थात तिला न विचारता.

आत्याचं होटगी रोडला कडक भाकरीचं केंद्र आहे. अकरा बायका ज्वारीच्या पापडासारख्या पातळ भाकरी थापतात, भाजून, वाळवून चवडी रचतात. ऑर्डरी फोनवर यायच्या आणि आत्या त्या वहीत लिहायची. मला ते बघवेना! मी तिला मालदांडीवर वेबसाइट करून दिली. लोकांनी ऑर्डर दिली, की केंद्रातल्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर. महिनाभरात तीन चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक माझी होती.

तर त्या मंगळवारी मी ठरवलं, मालदांडीची ताकद जगाला दाखवायची. वेबसाइटवर एकाच वेळी दहा हजार खोट्या ऑर्डरी सोडायच्या आणि ती टिकते का बघायचं. अशी चाचणी नेहमी वेबसाइटच्या वेगळ्या प्रतीवर करतात. प्रत मी तयारही केली होती. आता खोट्या गिऱ्हाइकाला नाव काय द्यावं? नेमकी त्याच वेळी सिद्धेश्वरी स्वयंपाकघरातून फोनवर कोणाला तरी सांगत होती, "छे गं, गुरम्मा अजून धुसफुसतेच आहे." माझी बोटं कीबोर्डवर, कान स्वयंपाकघरात. टाइप झालं: गुरम्मा, मठामागची गल्ली, अक्कलकोट. भाकरी पन्नास.

बटण दाबलं. चाळीस सेकंदांत दहा हजार ऑर्डरी! एकही हुकली नाही! मी खुर्चीवरून उठून स्वतःलाच टाळी दिली, प्रकल्पाच्या पानावर निकाल टाकला. पोलंडहून एकाने लिहिलं, "अविश्वसनीय." मी विनयाने तीन वेळा वाचलं.

साडेबाराला फोन वाजला. आत्याचे यजमान, रुद्रप्पामामा.

"नंदीश, लई भारी काम केलंस बग! विहीणबाईंची ऑर्डर आलीया!"

"कोणाची?"

"आमच्या शिवलीलेच्या सासूची रं! अक्कलकोटच्या गुरम्माबाईंची! एक न्हाय, दोन न्हाय, यंत्र थांबंनाच झालंय! दोन रोल संपले, तिसरा लावलाय!"

मी चाचणीची फाइल उघडून बघितली. पत्ता प्रतीचा नव्हता. खऱ्या वेबसाइटचा होता. वेबसाइटने सगळं चाळीस सेकंदांत गिळलं होतं, आणि बिचारा प्रिंटर एकेक चिठ्ठी सावकाश ओकत होता. दहा हजार गुणिले पन्नास. पाच लाख भाकरी!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, एक फोन करून चूक सांगून टाकायची. सांगतो, का नाही सांगता आली.

आठ महिन्यांपूर्वी शिवलीलेचं लग्न झालं. आत्याची एकुलती एक लेक. पंगतीत गुरम्माबाईंच्या पानात सादळलेली भाकरी आली. पावसाळी हवा, दुसरं काय! पण त्या भरल्या पंगतीत म्हणाल्या, "कडक भाकरीवाल्यांच्या घरी मऊ भाकरी व्हय?" आणि आमची आत्या, जिला आजवर कोणी गप्प बसलेली पाहिलेली नाही, म्हणाली, "तुमचे दात बघून वाढलीया."

झालं! त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलेनात. शिवलीला पंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. आत्या वरवर म्हणायची, "न्हाय तर न्हाय." पण लेकीची उशी तिने आठ महिन्यांत तीनदा उन्हात घातली होती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि अशा विहिणीची ऑर्डर आलीय म्हटल्यावर, 'बाई, एवढ्या भाकरी खरंच हव्यात का' असं विचारायची सोयच नाही. ते म्हणजे दुसरं भांडण! आणि आत्याची ती आशा फोनवर मोडायची माझी छाती होईना.

स्कूटर काढली आणि केंद्र गाठलं. दारात मामा फोनवर मंगळवेढ्याच्या कोणाला तरी सांगत होते, "असतील तेवढी पोती राखून ठेव!" आत फरशीवर चिठ्ठ्यांची रास पडलेली, आणि अकरा बायका अशा वेगाने भाकरी थापत होत्या, की माझ्या मालदांडीने मान खाली घालावी. प्रिंटर आपला चालूच, कुर्र कुर्र.

"आत्या, मला जरा बोलायचंय."

"मागनं बोल. ह्ये टोपलं धर."

"आत्या, ती ऑर्डर..."

"व्हय, व्हय, ऑर्डर लई मोठी हाय. आज हायत तेवढ्या पोचवू. खाजाभाईचा टेम्पो आलाय. तू बी चल, उतरवायला माणूस पायजे."

"अगं पण आत्या, ऐक तरी..."

"खाजाभाई, ह्याला मागं बसवा. आनि नंदीश, हलू नको. भाकरी मोडतील."

तिने ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. ते बघितलं आणि मी टोपल्या चढवायला लागलो. आठ महिन्यांनी ती लेकीच्या दारात निघाली होती, माझ्या चुकीच्या भरवशावर! गुरम्माबाई "मी कुठं मागवल्या?" म्हणाल्या, की भर गल्लीत तिची शोभा. मग शिवलीला कायमचीच तिकडे. मला खरोखर रडू यायला लागलं.

टेम्पोच्या मागे चाळीस टोपल्यांमध्ये मी अंग चोरून बसलो. रस्त्यातला एकेक खड्डा माझ्या पाठीने मोजला, पण भाकरी एक मोडू दिली नाही. वळसंगच्या पुढे रेंज मिळाली तसा शिवलीलेला फोन लावला.

"ताई, आत्या येतेय तुझ्याकडे. भाकरी घेऊन. टेम्पो भरून!"

"कोण येतंय? आणि भाकरी कशाला?"

"तुझ्या सासूबाईंनी मागवल्यात. म्हणजे त्यांनी नाही, मी. म्हणजे मीही नाही, माझ्या..."

"नंदीश, तू ठीक हायस न्हवं?"

"तू फक्त सासूबाईंना सांग, की हो म्हणा!"

"कशाला हो म्हणा? थांब, त्याच आल्या." फोन बंद.

मठामागच्या गल्लीत टेम्पो थांबला. गुरम्माबाई दारातच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून. मागे शिवलीला, चेहरा पांढराफटक. गल्लीतली चार-पाच दारं आपोआप उघडली. आत्या खाली उतरली, पदर नीट केला.

"इहीणबाई, भाकरी आनल्यात."

"मी कुटं मागितल्या?"

संपलं! मी टोपल्या ओलांडून खाली उडी मारली. "मावशी, चूक माझी आहे! माझ्या फ्रेमवर्कची नाही, म्हणजे फ्रेमवर्क उत्तम आहे, चाळीस सेकंदांत..."

"तू गप," आत्या म्हणाली. मग गुरम्माबाईंकडे वळली. "तुमी न्हाय मागितल्या. मीच आनल्या."

गुरम्माबाई पुढे झाल्या. वरच्या टोपलीवरचं फडकं दूर केलं, एक भाकरी उचलली, बोटाने टिचकी मारली. मग मोडली. कट्‌! तुकडा तोंडात टाकला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत उभे. खाजाभाईंनी तर टेम्पोचं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

"कडक हाय," गुरम्माबाई म्हणाल्या.

"तवाबी कडकच होत्या. हवेनं सादळल्या." आत्या एवढं बोलून थांबली. मग खाली बघत म्हणाली, "दातांचं बोलले ते मातर माजं चुकलं."

गुरम्माबाईंनी दुसरा तुकडा तोंडात टाकला. चांगला आवाज करून चावला, गल्लीलाही कळावं म्हणून. "दात माजे झकास हायत. पंगतीत बोलायला नको होतं, मीबी." आणि मग एकदम दार सोडून बाजूला होत, "बर्री, बर्री, या की! उन्हात का उभ्या? कूडरी, बसा आत! शिवलीला, पाणी आण की गं!"

शिवलीला पाणी आणायला गेलीच नाही. ती थेट आत्याच्या गळ्यात पडली, आणि दोघी रडायला लागल्या. मी तिथेच पायरीवर बसलो. छातीवरचं ज्वारीचं पोतं उतरल्यासारखं वाटलं. इतकं हलकं मला हेडक्लार्कने शिक्का मारल्यावरही कधी वाटलं नव्हतं. खाजाभाई शेजारी येऊन बसले. "क्या हुआ नंदीशभाई, तुम क्यूं रो रहे?" "डोळ्यांत पीठ गेलंय," मी म्हणालो.

टोपल्या उतरल्या. गुरम्माबाईंनी अर्धी गल्ली बोलावून भाकरी वाटल्या, वर दही आणि शेंगाचटणी. उरलेल्या मठात प्रसादाला पाठवल्या. संध्याकाळी परत निघताना पुढच्या सीटवर आत्या आणि शिवलीला, पंधरा दिवसांच्या पिशव्यांसह. मी मागे, रिकाम्या टोपल्यांत, मधल्या जाळीला तोंड लावून.

आता मात्र मला राहवेना. पोटात ठेवून घरी गेलो असतो तर झोप लागली नसती.

"आत्या, एक कबूल करायचंय. ती ऑर्डर खोटी होती. गुरम्माबाईंनी काही मागवलं नव्हतं. मी चाचणी घेत होतो."

"म्हाईत हाय."

"काय?"

"पयली चिठ्ठी आली, पन्नास भाकरी. वाटलं, इहिणीनं धाडली. मन हरकलं. दुसरी आली, पन्नास. तिसरी, पन्नास. चौथीला म्हनलं, ह्यो आमचा नंदीश हाय. अरं, गुरम्माच्या घरात मानसं सहा! त्यांनी एवढ्या भाकरी कशाशी खायच्या?"

"मग तू निघालीस कशाला? आणि बायकांना थापू का दिलंस?"

"टेम्पो भरायला नगं? रिकाम्या हातानं इहिणीच्या दारात जातात व्हय? आनि आठ महिनं मी वाट बघत हुते, कुनीतरी एक चिठ्ठी धाडंल म्हनून. चिठ्ठी तर आलीच हुती की! कुनी धाडली, ते मी कशाला इचारू?"

म्हणजे रस्ताभर टोपल्यांमध्ये मी जे घामाघूम झालो, चार वेळा मनातल्या मनात मेलो, ते कशासाठी?

"मला निघतानाच का नाही सांगितलंस?"

"तू कुटं इचारलंस? तू तर 'आत्या, ऐक, आत्या, ऐक' एवढंच म्हनत हुतास."

शिवलीला पदरात तोंड घालून हसत होती. खाजाभाईंची पाठसुद्धा हलत होती. आत्याने जाळीतून मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि आवाज जरा उतरवून म्हणाली, "नंदीश, ते यंत्र परत कदी चालवनार हायस?"

"आता नाही गं बाई! शपथ!"

"शपथ नगं घिऊ. करमाळ्याला माजी जाऊ हाय, महादेवी. चार वर्सं बोलनं न्हाय. पुढच्या खेपेला तिचं नाव टाक. पर दहा हजार नगं, दोन चिठ्ठ्या लई झाल्या."

मी मुकाट्याने फोन काढला आणि नाव लिहून घेतलं.