नकाशातली छत्री

गच्चीवर त्या दुपारी कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, आमचे हे, माझ्या सासूबाई, घरमालक घोषबाबू आणि वरच्या खोलीतले हिर्लेकर भाऊजी. पाच जण. त्यातली आता मी एकटी उरलेय, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

हिर्लेकर भाऊजी माझ्या वाळत घातलेल्या पापडांपुढे उकिडवे बसले होते. शेजारशेजारचे दोन पापड निवडून त्यांच्याकडे डोळे तिरळे करून बघत होते. दोन्ही बुबुळं नाकाशी आलेली, तोंड उघडं. मग हळूच म्हणाले, "आला. मधला वर आला."

मधे पापड नव्हताच. घोषबाबू टाकी गळते का बघायला आले होते, ते जिन्याकडे सरकले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मेल्या, दोनाचे तीन करतोयस तर चार कर. आमचं लाटणं वाचेल."

भाऊजी वेडे नव्हते. म्हणजे तसले नव्हते. सरकारी कचेरीत ते नकाशे काढायचे. विमानातून शहराचे फोटो घेतलेले असायचे. एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे, त्यावर चार पायांचा चष्मा ठेवायचा आणि दोन डोळ्यांनी दोन बघायचे. की म्हणे घरं उभी राहतात, तळी खोल जातात. फोटोंची अदलाबदल झाली तर तळ्याचा डोंगर होतो. ही विद्या तेव्हा नवी होती. ती शिकायला डेहराडूनला जावं लागायचं, आणि शिकून येईल त्याला मोठा हुद्दा. कचेरीतून एकच माणूस जायचा होता. आधी डोळ्यांची परीक्षा, मग एक अख्खा नकाशा करून दाखवायचा. चाळिशीला आलेल्या त्या माणसाला आयुष्यात तेवढं एकच हवं होतं. चष्मा घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून सराव माझ्या पापडांवर.

आमच्याकडेच जेवायचे. डावं-उजवं हे शब्द त्यांना ठाऊकच नव्हते. "वहिनी, आमटी जरा ईशान्येला सरकवा." मी पाट फिरवून मांडला तर वाटी तिथेच असून त्यांची दिशा चुकायची, मग स्वतः उठून पाट सरळ करायचे. माणसं ओळखायचे ती डोक्यावरून. रस्त्यात समोरून गेलात तर ओळख नाही, पण गच्चीवरून नुसता भांग बघून नाव सांगतील. यांना एकदा म्हणाले, तुमचं टक्कल वाढलं हो, पूर्वेकडून आत येतंय. बोलणं संपवायचं झालं की म्हणायचे, "वरून बघा, म्हणजे कळेल."

घोषबाबूंशी त्यांचं वैर एका तळ्यावरून. घरामागचं तळं बुजवून तिथे घरं बांधायचं घोषबाबूंच्या मनात होतं. भाऊजी म्हणायचे, बुजवा, मग पावसाचं पाणी तुमच्या पलंगाखाली राहायला येईल. शहरातली सगळी तळी नकाशावर घ्यायची, कुठली जमीन खोल ते बघायचं, आणि मग गटार कुठून न्यायचं ते ठरवायचं, असा त्यांचा हेका. लोक आधी गटार खणतात आणि पाण्याला सांगतात इकडून जा, असं म्हणायचे. घोषबाबू चिडले की आम्हा सगळ्यांना बर्गी म्हणायचे. बर्गी म्हणजे लुटायला आलेले मराठे. आमचं घर बागबाजारला. मराठ्यांच्या भीतीनं तिथून म्हणे कोणे एके काळी मोठा खंदक खणला होता. आम्ही त्याच वस्तीत पापड लाटत होतो.

हौसेनं नव्हतो लाटत. यांच्या हावड्याच्या कारखान्याला टाळं लागलं ते उघडलंच नाही. बदलीवर आलेली मराठी माणसं शहरात होती, बँकेतली, सरकारी खात्यातली. त्यांच्या दारी हे पिशवी घेऊन जायचे. न विकलेला चुरा आम्ही भाताबरोबर खायचो. रडण्यासारखं काही नाही, भात होता.

मी लाटायची आणि सासूबाई राखायच्या. गच्चीच्या कोपऱ्यात काळी छत्री उघडून सकाळी बसल्या की ऊन उतरेपर्यंत. हातात काठी. ती कावळ्यांसाठी आणि भाऊजींसाठी. भाऊजी गच्ची पावलांनी मोजायचे, म्हणायचे जागेचा अंदाज चुकता कामा नये. मधे धोतरावर पापड. "मेल्या, पाय पडला तर पाय ठेवणार नाही," हे रोजचं. आणि पापड भाजला की पहिला त्यांनाच. त्यात फोड कमी आले तर भाऊजी नावं ठेवायचे, हा फारच सपाट प्रदेश आहे म्हणून. त्यावर पुन्हा मेल्या.

डोळ्यांच्या परीक्षेत भाऊजी पहिले आले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आमच्या उडदाच्या डाळीचा गुण.

एक दिवस कचेरीतून आले ते जिना चढतानाच म्हणाले, "काकू, तुमचे पापड सापडले." गेल्या थंडीतल्या फोटोत आमची गच्ची आली होती. पांढरे दोन चौकोन म्हणजे धोतरं. ईशान्येच्या कोपऱ्यात काळा गोल ठिपका, ती छत्री. मग आवाज खाली करून म्हणाले, कुणाला सांगू नका, हे फोटो गुप्त असतात, कुलपात ठेवतात. सासूबाई विचारात पडल्या. पापड सरकारनं कुलपात ठेवण्यासारखे आहेत हे त्यांना आधीपासून वाटत होतं. मग विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही छत्रीखाली."

"तोंड दिसतं का?"

"वरून कुणालाच तोंड नसतं, काकू."

पुढच्या थंडीत सासूबाई गेल्या. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी त्या नव्हत्या. खांद्याला मराठी माणसं तीनच जमली, तेव्हा चौथा खांदा घोषबाबूंनी दिला. बर्गी म्हणाले नाहीत.

दिवस झाले आणि यांच्या लक्षात आलं की आईचा फोटो नाही. कधी काढलाच नव्हता, लग्नातसुद्धा नाही. मग हे वरच्या खोलीत गेले आणि भाऊजींना म्हणाले, तो विमानातला एकदा दाखवा. भाऊजी म्हणाले, तो कपाटाबाहेर येत नाही. यांनी विचारलं, मी कचेरीत येऊ का? ते म्हणाले, तुम्हाला आत सोडणार नाहीत. एवढंच. खेद नाही, दोन शब्द नाहीत. हे खाली आले आणि म्हणाले, लाकूड आहे तो माणूस. त्या दिवसापासून मी भाऊजींचं ताट वर पाठवायला लागले.

त्याच दिवसांत ते परीक्षेचा नकाशा करत होते. आमच्याच वस्तीचा आला होता वाट्याला. तळी, गल्ल्या, नळ, खोल जमीन, सगळं त्यात. दोन महिने झाले. मग एका सकाळी खाली आले, पायरीवर उभे राहिले आणि यांना म्हणाले, "चला. नकाशा भिंतीवर लावलाय. तो गुप्त नाही."

हे नको म्हणत होते. मीच पदर खोचला आणि निघाले, तेव्हा आले.

कचेरीच्या व्हरांड्यात नकाशा टांगला होता, लोकांनी बघून हरकती सांगाव्यात म्हणून. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार. भाऊजींनी बोट ठेवलं. हे तळं, हे आपलं घर, ही गच्ची. आणि ईशान्येच्या कोपऱ्यात काळा ठिपका, मोहरीपेक्षा लहान.

त्यांच्या शेजारी बसणारा एक बंगाली कारकून होता, पुढचं त्यानं हिंदीत सांगितलं. नकाशात ठिपका म्हणजे नळ. गच्चीवर नळ कुठून आला, असं साहेबांनी विचारलं. भाऊजी म्हणाले, नळ नाही, माणूस आहे. साहेब म्हणाले, माणसं नकाशात नसतात, खरवडा. शाईचं काम ब्लेडनं खरवडतात. भाऊजींनी साहेबांसमोर खरवडला आणि माघारी परत काढला. साहेबांनी पुन्हा खरवडायला लावला, भाऊजींनी पुन्हा काढला. छापून भिंतीवर लागला तेव्हा साहेबांना दिसलं. डेहराडूनला दुसऱ्याचं नाव गेलं.

यांनी भिंतीला हात जोडले. येणारेजाणारे बघत होते. मी भाऊजींना विचारलं, कशाला केलंत हे?

"चूक राहायला नको, वहिनी. त्या तिथे होत्या."

घरी आल्यावर हे म्हणाले, आज भाऊजींचं पान खालीच मांड. मी सवयीनं दोन पापड वाढले, शेजारशेजार. त्यांनी त्यांच्याकडे नजर लावली. डोळे तिरळे झाले नाहीत. मग मान खाली घालूनच म्हणाले, "वहिनी, एकदा म्हणा ना."

"काय म्हणू?"

"मेल्या."

त्यांना आईबाप आठवत नव्हते, हे मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. मी वयानं लहान. मोठ्या माणसाला कसं म्हणायचं? म्हटलं, आमटी कुठे सरकवू? ते म्हणाले, राहू द्या, आहे तिथे ठीक आहे.

पुढे त्याच नकाशावरून आमच्या गल्लीतलं गटार झालं. तळंही राहिलं. पावसाचं पाणी उंबऱ्याच्या आत यायचं, ते दुसऱ्या पायरीशी थांबायला लागलं. भाऊजी ज्या खुर्चीवर होते त्याच खुर्चीवरून निवृत्त झाले आणि त्याच वरच्या खोलीत वारले. शेवटपर्यंत माझ्या तोंडून तो शब्द निघाला नाही.

हे वाचणाऱ्याला एक सांगणं आहे. कुठल्या कचेरीत, रद्दीत, कपाटात बागबाजारचा तो जुना नकाशा तुमच्या हाती आला, तर तळ्याजवळच्या घराच्या गच्चीवर ईशान्येला बघा. शाई सांडली असं वाटेल. खरवडू नका.