पहिली डुरकी मोटारीची

मोटारीचे दिवे चिंचेनं घासून द्यावेत, हा विचार शालिग्रामच्या डोक्यात आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. तसा त्याच्या डोक्यात विचार क्वचितच येई. पण एकदा आला की त्याला परत पाठवणं शालिग्रामच्या जिवावर येई. (त्याची बायको पंचफुला म्हणायची, "तुमी इचार नोका करत जाऊ बाप्पा, तुमाले सोसत नाही.")

मोटार होती रामराव देशमुखांची. शेलूबाजारपासून दोन कोसांवरच्या त्या गावात तोवर मोटार फक्त जाताना दिसे, थांबलेली कुणी पाहिली नव्हती. रामरावांनी अकोल्याच्या एका कापूसवाल्याकडून ती जुनीच घेतली. पुढे परातीएवढे दोन पितळी दिवे आणि बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. तो दाबला की गावातली कुत्री घरात शिरत आणि म्हातारे बाहेर येत. मात्र मोटार घ्यायला पैसे कमी पडले, म्हणून रामरावांनी आपली मानाची बैलजोडी बाजारात काढली, आणि ही गोष्ट त्यांना पोळा तोंडावर आल्यावर आठवली.

आता पोळ्याचं तोरण देशमुखांच्या मानाच्या जोडीनं तोडायचं, मग बाकीच्या बैलांनी त्याखालून जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. गोठ्यात दुसरे बैल होते, पण ते कामाचे होते, मानाचे नव्हते. मान पाटलाकडे गेला असता तर रामरावांना रात्रीचं जेवण गेलं नसतं. त्यांनी दोन दिवस येरझारा घातल्या आणि जाहीर करून टाकलं, "औंदा मान मोटारीचा!"

गाव हसलं, पण तोंडावर पदर आणि उपरणं धरून. आदल्या संध्याकाळी मोटारीची रीतसर खांदेमळणी झाली. बैलांच्या खांद्याला लावतात तसं हळद आणि तूप देशमुखीणबाईंनी चाकांवरच्या पत्र्यांना चोळलं. मग बैलाच्या कानात आमंत्रण द्यायचं असतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोटारीचा कान कुठं असतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी बाईंनी भोंग्यात तोंड घालून सांगितलं. भोंगा काही बोलला नाही, तेव्हा तो कबूल आहे असं सगळ्यांनी धरलं.

या सगळ्यात शालिग्रामला काय पडलं होतं? पडलं होतं, कारण त्याच्याकडे बैल एकच उरला होता. दुसरा उन्हाळ्यात दगावला. राहिलेला चांद्या पंचफुलाच्या माहेरचा, तिच्या बापानं, जगदेवनं, लग्नात दिलेला. कपाळावर पांढरा चांद, वशिंड भरलेलं, आणि रुबाब असा की शालिग्राम त्याला पाणी पाजायला नेई तेव्हा कोण कुणाला नेतं आहे हे लांबून कळत नसे. पण एका बैलावर पेरणी होत नाही. दुसऱ्या एकबैल्याशी सावड करावी लागते, म्हणजे एक बैल तुझा, एक माझा, आज तुझं शेत, उद्या माझं. शालिग्रामला सावड करायची होती थेट रामरावांशी. त्यांच्या गोठ्यातला एक बैल मिळाला की हिवाळ्यातली पेरणी पार पडणार होती. तोंडानं मागायची छाती नव्हती, म्हणून आधी मर्जी संपादावी असं त्यानं ठरवलं आणि पोळ्याच्या सकाळी चिंच, राख आणि चिंधी घेऊन मोटारीसमोर बसला.

त्यानं दिवे असे घासले की त्यात रामरावांनी मिशीला पीळ भरून पाहिला. "वा रे शालिग्राम!" ते म्हणाले. एवढ्या तीन शब्दांनी शालिग्राम दिवसभर जमिनीवर नव्हता.

दुपार कलल्यावर वेशीत तोरण बांधलं. त्याखाली मोटार, अंगावर झूल, समोर बाशिंग, आत रामराव. मागं गावाचे बैल ओळीनं. शालिग्रामची जागा पार शेवटी, गावची गुरं जमतात त्या आखराजवळ. तिथून चांद्याच्या कपाळावरचा चांद मालकांना कसा दिसणार? आज मर्जी आहे, आजच जनावर नजरेत भरवावं, असा दुसरा विचार त्याच्या डोक्यात आला. (एका दिवसात दोन. हे त्याच्या प्रकृतीला झेपणारं नव्हतंच.) ओळ सोडून, लोकांच्या पायांवर चांद्याचे खूर देत, तो थेट मोटारीच्या तोंडासमोर आला.

"मालक, पाहा तं जरा जनावर!"

मालकांनी पाहिलं की नाही कोण जाणे, चांद्यानं मात्र पाहिलं. चिंचेनं घासलेल्या त्या पितळी दिव्यात एक बैल उभा होता. त्याच्यासारखंच बाशिंग, त्याच्यासारखाच चांद, वर गाल फुगवून डोळे वटारलेले. चांद्यानं मान खाली घातली, त्यानंही घातली. चांद्या फुरफुरला.

"सरकव त्याले मांगं!" रामराव ओरडले, आणि चांद्याला घाबरवायला म्हणून त्यांनी भोंगा दाबला.

भोंगा असा काही डुरकला की चांद्याला उत्तर दिल्याशिवाय राहवेना. पहिल्या धडकेत दिवा चेपून त्याचं सूप झालं. दुसऱ्या धडकेत शिंग पुढच्या पाण्याच्या टाकीत शिरलं आणि मोटारीतून ऊन पाण्याची धार लागली. "मुतली रे, मुतली!" असं मागून कुणीतरी ओरडलं आणि पोळा तिथंच फुटला. तोरण कुणाच्या बैलानं तोडलं याचा पत्ता आजवर लागलेला नाही. शालिग्राम दावं धरून मागं ओढत होता असं तो स्वतः सांगतो. पाहणारे सांगतात की तो मोटारीपुढे हात जोडून उभा होता.

संध्याकाळी घरोघर बैलांना पुरणपोळी मिळाली. चांद्यालाही मिळाली, वर शिंगाला हळद लागली. शालिग्रामच्या ताटात भाकर होती.

"मालकाचा निरोप आला," तो भाकरीकडे पाहत म्हणाला. "दिवा अन् टाकी, मिस्त्री जे मांगन ते म्या द्यावं. नसन देनं होत, तं चांद्या त्याह्यच्या गोठ्यात बांधावा."

"मंग तुमी काय म्हनलं?"

"मी म्हनलं, बरं मालक."

पंचफुलानं हातातली उलथणी खाली ठेवली. शालिग्रामच्या अनुभवात हे लक्षण उलथणी उगारण्यापेक्षा वाईट होतं.

"बैल माह्या बापानं देल्ला हाये. तो ह्या घरातून निंगाला तं मीबी त्याच्या मांगं मांगं निंगन. मंग बसा एकटे चिंच घासत."

ती रागानं बोलली असती तर शालिग्राम झोपला असता. पण तिच्या डोळ्याला पदर लागला होता, आणि ते पाहून त्यानं भाकरीचं ताट बाजूला सारलं. त्याला एकाच वेळी बैलही हवा होता, बायकोही हवी होती आणि मालकांची मर्जीही. यातलं काय सोडावं हे ठरवायला तिसरा विचार करावा लागला असता, आणि आता अंगात त्राण नव्हतं.

विचार पंचफुलानं केला. सकाळी ती जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेली आणि तिथले प्रमुख गोविंदसिंग नाईक यांना घेऊन आली. जनावराच्या भानगडीत नाईकांचा शब्द रामरावांचे वडीलसुद्धा मानत. मारुतीच्या पारावर माणसं जमली. मोटार तिथवर ढकलत आणली होती. नाईकांनी काठी टेकत तिला एक फेरी घातली, पत्र्यावरून हात फिरवला, वाकून चाकांमध्ये पाहिलं. दात तेवढे पाहायचे राहिले.

"रामरावजी, हे पोळ्यात काहून उभी होती?"

"काहून म्हंजे? मानाची होती!"

"पोळ्यात मान कोनाले अस्ते?"

"बैलाले," रामराव म्हणाले, आणि म्हणताना त्यांना जरा संशय आला.

"खांदेमळनी झाली होती?"

"झाली होती," पंचफुला मागून म्हणाली. "आवतनबी देल्लं होतं. भोंग्यात."

"मंग झाला बैल," नाईक म्हणाले. "जो पोळ्यात उभा राह्यला, तो बैल. आता एवढंच सांगा, पयली डुरकी कोनं फोडली? शालिग्रामच्या बैलानं का तुमच्या?"

एकेकाची नजर भोंग्याच्या फुग्याकडे गेली, आणि तिथून रामरावांच्या हाताकडे. रामरावांनी हात हळूच उपरण्याखाली नेला.

"भोंग्यानं," ते शेवटी पुटपुटले.

"तं मंग! दोन बैल झुंजले, तं ज्याचं त्यानं औषधपानी करावं. अन् ज्यानं डुरकी फोडली त्यानं तं मांगूच नये." नाईक उठले. "जखमेत हयद भरा, अन् चार दिस कामाले लावू नोका."

माणसं आधी नाईक दिसेनासे होईपर्यंत थांबली आणि मग पोट धरून हसली. चांद्या वाचला. पंचफुलाच्या तोंडावर पुन्हा रंग आला. आता शालिग्रामनं मुकाट घरी जायचं होतं. एवढंच करायचं होतं, आणि ते कुणालाही जमलं असतं.

पण रामराव चेपलेल्या दिव्याकडे एकटेच पाहत उभे राहिलेले त्याला दिसले आणि त्याला मालकांची दया आली. शिवाय मागायचं होतं ते राहूनच गेलं होतं.

"मालक, मनावर नोका घेऊ," तो जवळ जाऊन म्हणाला. "माह्यापाशी एकच बैल हाये. एक तुमचा, एक माहा, आपुन सावड करू ना!"

रामरावांनी मान वर केली. हळूहळू त्यांची मिशी हलायला लागली.

"एक माहा?" त्यांनी मोटारीवर थाप मारली. "आताच पंचानं ठरोलं का हा माहा बैल हाये. सावड कबूल! अन् पयली पाळी माही. माहा बैल दुखावला हाये, त्याले शेलूबाजारच्या मिस्त्रीपाशी पोचव. औषधपान्याचे पैसे मी देतो, वढून तू ने."

"पन मालक..."

"पारावर बोलला तू. चार मान्सं आयकून राह्यले."

चार नव्हे, चाळीस ऐकत होती. पंचफुलानं कपाळाला हात लावला.

चार दिवसांनी उघाड पडली. गावातले सगळे बैल डवऱ्याला, म्हणजे पिकातलं तण काढायला, लागले होते, उसनं जनावर कुणी देईना. मोटारीला पुढून दोर बांधला, दोराला जू. जू दोन खांद्यांचं. डावीकडे चांद्या उभा राहिला, उजवी बाजू जमिनीवर टेकली. चांद्यानं पाऊल टाकलं की जू आडवं होई आणि मोटार शेतात शिरू पाही.

"उजवीकून कोनी धरलं पाह्यजे," आतून चाक सांभाळत रामराव म्हणाले.

सगळ्यांनी शालिग्रामकडे पाहिलं. त्यानंही मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

एवढ्यात पंचफुला नवं लुगडं नेसून, हातात गाठोडं घेऊन आली आणि मोटारीचं मागचं दार उघडून आत बसली.

"हे काय वं?" शालिग्राम जुवाखालून म्हणाला.

"शेलूबजारलेच चालले ना? माहेर हाये माहं. बैल आमचा, गडी आमचा, मंग मी कायले पायी येऊ?" मग तिनं रामरावांना विचारलं, "चालन ना मालक?"

रामरावांना नाही म्हणता येईना. मोटार निघाली. वाटेत पाऊस भुरभुरायला लागला तेव्हा पंचफुलानं मोठ्या मायेनं आतलं पोतं काढलं, त्याची खोळ करून घोंगशी केली आणि शालिग्रामला ती डोक्यावरून पाठीवर घ्यायला लावली. शेतातल्या बाया कंबर सरळ करून पाहत होत्या. रामराव अधूनमधून सवयीनं भोंगा दाबत. चांद्यानं आता त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं होतं. शालिग्राम मात्र प्रत्येक वेळी दचकून दोन पावलं जोरात ओढी, त्यामुळं रामराव दाबतच राहिले.

शेलूबाजारच्या तोंडाशीच सासऱ्याचं घर. म्हातारे जगदेव ओसरीवर बसले होते. नजर पार अधू झाली होती, पण बैल पारखायची हौस तसूभर कमी नव्हती. मोटार दारात थांबली, लेक उतरून पाया पडली. म्हाताऱ्यांनी कपाळावर हात धरून जुवाकडे बराच वेळ पाहिलं.

"पंचफुले, डाव्या अंगाचा आपल्या गोठ्यातला दिसते. लय गुनाचा! पन उजवा काही कामाचा नाही वं. अंग चोरते, अन् भलताच धापते. कोन्या बजारात गवसला हा?"

शालिग्रामला बोलायचं होतं, पण खरंच धाप लागली होती.

"बजारातला नाही, बाबा," पंचफुला पदर सावरत म्हणाली. "तुमीच चार गावं हिंडून, पारखून आनला होता माह्यासाठी."

म्हाताऱ्यांनी पुन्हा कपाळावर हात धरून जुवाच्या उजव्या अंगाला पाहिलं.

"हव का?" ते म्हणाले. "तवाबी नजर अधूच होती म्हना माही."