ट्रेलरच्या तारा मी जोडल्या तेव्हा

वायरिंग हा प्रकार लोकांनी उगाच अवघड करून ठेवलाय, असं माझं ठाम मत होतं. तारा असून असून किती असणार? सात. मी शाळेत भूगोल शिकवतो. ज्याला जगातल्या मोठमोठ्या नद्या उगमापासून मुखापर्यंत पाठ आहेत, त्याला सात तारा इकडून तिकडे नेणं म्हणजे डाव्या हाताचा खेळ. हे मी त्या शनिवारी सकाळी चहा पिता पिता बायकोला सांगितलं. तिने कप खाली ठेवला. ती अर्धा कप खाली ठेवते तेव्हा काळजीचं कारण असतं.

"भावोजींना विचारा ना एकदा," ती म्हणाली.

इथे थोडं सांगायला हवं. भावोजी म्हणजे माझा मोठा भाऊ, दादा. पस्तीस वर्षं त्याने गाड्यांचं वायरिंग केलं. घराला लागूनच त्याचं गॅरेज. बंद पडलेली गाडी तो नुसता कान देऊन ऐकायचा आणि नेमक्या तारेवर बोट ठेवायचा. अकरा महिन्यांपूर्वी वहिनी गेली आणि दादाने गॅरेजला कुलूप लावलं ते लावलंच. मी रोज फोन करायचो. "जेवलास?" "हो." "बरा आहेस ना?" "हो." संपलं. शेवटी हो-ना करता करता तो आमच्याकडे राहायला यायला तयार झाला. सामान फारसं नव्हतं. एक कपाट, पलंग आणि वहिनीचं शिलाई मशीन. हत्यारांची पेटी मात्र आणायची नाही, असं त्याने बजावलं होतं. "गॅरेज ज्याला देईन त्याला होईल ती," म्हणाला.

आता अशा माणसाला ट्रेलरच्या दिव्यांसाठी त्रास द्यायचा? माझ्या मनाला ते पटेना.

ट्रेलर शेजाऱ्यांचा, दादाचं सामान आणायला मागून घेतलेला. त्यांची रोपवाटिका आहे, त्यातून ते कुंड्या नेतात. मागच्या दिव्यांच्या काचा फुटलेल्या होत्या. म्हटलं, नवे एलईडी दिवे लावून देऊ, तेवढेच त्यांचे उपकार फिटतील. दीड तास खपून दिवे लावले, गाडीला जोडले आणि बायकोला मागे उभं केलं.

"लागला का?"

"लागला. गेला. लागला. गेला."

"तो वळायचा सिग्नल असेल."

"दोन्हीकडचे लुकलुकतायत. आणि सिग्नल तुम्ही दिलाय कुठे?"

तेवढ्यात गाडीतला पडदा उजळला. आमची गाडी नवी, त्यामुळे बोलकी. 'ट्रेलरचा डावा दिवा तपासा,' म्हणाली. मग 'उजवा दिवा तपासा.' मग 'ट्रेलर तपासा.' पुढे 'चालक तपासा' म्हणते की काय, अशी मला धास्ती पडली.

दिवे विकणाऱ्या दुकानदाराला स्पीकरवर फोन लावला.

"गाडी नवी आहे ना मास्तर?" तो म्हणाला. "या गाड्या दिवा जिवंत आहे का ते सारखं बघत असतात. जराशी वीज सोडायची, उत्तर येतं का बघायचं. तुमचा एलईडी वीज एवढीशी खातो, गाडीला वाटतं तिकडे कोणी नाहीच. म्हणून ती परत परत विचारते आणि दिवा लुकलुकतो. खोक्यात दोन सोनेरी तुकडे आहेत बघा. ते रेझिस्टर. ते जास्तीची वीज खातात, गाडीचं समाधान होतं. पण लावताना एक लक्षात..."

"कळलं, कळलं," म्हणून मी फोन ठेवला.

बायको शेजारी उभी राहून ऐकत होती. "म्हणजे तुम्ही भावोजींना फोन करता तसंच की," ती म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते खोडरबराएवढे सोनेरी तुकडे मी मघाशी शोभेचे समजून बाजूला ठेवले होते. ते दोन्हीकडे जोडले आणि ट्रेलरच्या चाकावरच्या प्लास्टिकच्या चिखलपट्टीवर, म्हणजे मडगार्डवर, चिकटपट्टीने छान आवळून बसवले. दिवे लावले. दोन मिनिटं वाट पाहिली. दिवे स्थिर, पडदा गप्प. मी बायकोकडे असं पाहिलं, जणू एखादा खंड शोधून आलोय.

दादाच्या घरी तासाभरात पोहोचलो. स्वच्छ ऊन होतं, म्हणून दिवे लावायची वेळच आली नाही. दादा दारात बसला होता. आधीच बारीक, आता शर्टात आणखी एक माणूस मावला असता. सामान चढवलं. शिलाई मशीनला ट्रेलरमध्ये ठेवायला तो तयार होईना, म्हणून ते मागच्या सीटवर बायकोच्या शेजारी बसलं. गॅरेजच्या दारावरून जाताना त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

निघालो तर आभाळ भरून आलेलं. मी दिवे लावले. दादाचं मन रमावं म्हणून मी बोलत सुटलो. वाऱ्यांचे प्रकार सांगितले, समुद्राचे प्रवाह सांगितले. तो "हं" म्हणायचा. थोड्या वेळाने मात्र त्याने नाक वर केलं.

"काहीतरी जळतंय."

"कोणीतरी पालापाचोळा जाळत असेल," मी म्हणालो.

"प्लास्टिक आहे."

"प्लास्टिकही जाळतात हल्ली लोक."

मागून एक ट्रक हॉर्न वाजवायला लागला. मी त्याला जागा दिली. तो पुढे जाईना. मी वेग कमी केला, त्यानेही केला. मी वाढवला, त्यानेही वाढवला. बायको म्हणाली, "अहो, त्याला काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, "त्याला शर्यत लावायचीय." शेवटी ट्रक शेजारी आला. चालवणारी एक बाई होती, माझ्याच वयाची. तिने खिडकीतून हाताने धुराचा आकार काढून दाखवला.

रस्त्याच्या कडेला, वजनकाट्याच्या मोकळ्या आवारात थांबलो. सोनेरी तुकडे तापून चिखलपट्टीत खोल रुतले होते आणि प्लास्टिक मेणासारखं ओघळत होतं. दिवे पुन्हा लुकलुकत होते.

ट्रकवाली बाई पाण्याची बाटली घेऊन उतरली. "अहो भाऊ, मैलभरापासून मागे आहे मी तुमच्या," ती म्हणाली. "तुम्ही ब्रेक लावता की डोळा मारता, हेच कळत नव्हतं."

दादा खाली उतरला. ट्रेलरमागे उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग एक तार धरून तिच्या मागोमाग बोट नेत गेला.

"हे कोणी जोडलं?"

"मी."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अकरा महिन्यांत तो माझ्याकडे असं नीट पहिल्यांदाच पाहत होता.

"पक्कड दे."

"माझ्याकडे नाहीये," मी म्हणालो. सगळं काम मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने केलं होतं. तेही सांगून टाकलं.

बाईने आपली हत्यारं आणून दिली. एक वाकडा स्क्रूड्रायव्हर आणि एक भलामोठा पाना. दादाने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि अदबीने परत दिली.

"ताई, याने ट्रकची चाकं निघतील. हे नाजूक काम आहे." मग उठून गुडघे झटकत मला म्हणाला, "तार सोड, दिवे बंद कर आणि गाडी वळव. माझी पेटी आणायचीय."

बायकोने माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेणं हा वेगळाच अभ्यास आहे. मी चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जायचा. तीन वेळा तो गाडीलाच धडकायला आला. शेवटी बाईने मला खाली उतरवलं, स्वतः बसली आणि एका झटक्यात वळवून दिलं. मी आभार मानले. तिने मानेनेच घेतले.

दादाने गॅरेजचं कुलूप उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त धूळ बसलेली. त्याने पेटी उघडली, पक्कड काढली, शर्टाच्या टोकाला पुसली. मग बोलायला लागला. मला वाटतं, वर्षभराचं बोलणं त्याने त्या दुपारी केलं.

"अर्थिंगची तार रंगावर आवळलीयस. रंगातून वीज जाते होय रे? खरवडून लोखंडाला लाव. ब्रेकची तार मागच्या दिव्याला लावलीस, मागच्या दिव्याची ब्रेकला. आणि तापणारी वस्तू कोणी प्लास्टिकवर बसवतं? लोखंडी पट्टीवर बसवायची, हवा लागेल अशी." घासकागद चालला, स्क्रू फिरले. नवी चिखलपट्टीसुद्धा त्याने कुठूनतरी अडगळीतून शोधून काढली. मी दिवा धरून उभा होतो. तेवढंच काम मला देण्यात आलं होतं.

सगळं झाल्यावर तो गाडीत बसला. "मागे बघा कोणीतरी," सवयीने म्हणाला.

आणि थांबला. पस्तीस वर्षं मागे उभं राहून सांगायचं काम वहिनीचं होतं. पोळपाट-लाटणं टाकून, हात पदराला पुसत ती बाहेर यायची.

बायको हळूच ट्रेलरमागे जाऊन उभी राहिली.

"लागला भावोजी."

दादा समोर बघत राहिला. स्टिअरिंगवरचे हात तसेच. मग म्हणाला, "ब्रेक?"

"लागला."

"डावा?"

"लुकलुकतोय. लुकलुकायलाच पाहिजे ना तो?"

"हो," दादा म्हणाला. "तो लुकलुकायलाच पाहिजे." आणि हसला. थोडंसंच, पण हसला.

पेटी त्याने स्वतः उचलून ट्रेलरमध्ये ठेवली. गॅरेज कोणाला द्यायचं, ते बघू पुढे, म्हणाला.

परतीच्या वाटेवर पडदा गप्प होता. गाडीला बहुधा कळलं होतं की जाणता माणूस बसलाय. अर्ध्या वाटेत दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मुद्दाम केलंस ना?"

"काय?"

"मी पेटीला हात लावावा म्हणून. अरे, मला काय कळत नाही? इतकं चुकीचं कोणाला चुकून जोडता येत नाही."

मी आरशात पाहिलं. सकाळी मी गुडघ्यावर बसून, जीभ बाहेर काढून, मन लावून त्या तारा जोडत होतो, तेव्हा बायको समोरच उभी होती. माझी अब्रू आता तिच्या हातात होती.

"हो भावोजी," ती शांतपणे म्हणाली. "आठवडाभर डोकं खाजवत होते."

दादाचे डोळे भरून आले. माझेही आले, पण माझं कारण थोडं वेगळं होतं.

आता नातेवाइकांत माझं फार कौतुक आहे. भावासाठी किती खोल विचार करून किती बेमालूम घोळ घातला, असं सगळे म्हणतात. दादा शेजारपाजारच्या गाड्या बघतो, जेवतो, माझ्याशी वादही घालतो. मी मात्र घरात साधा बल्ब बदलायला उठलो, तरी चारचौघं धावत येतात आणि विचारतात, आता कोणासाठी?