भरल्या गाडीची ट्रायल

आमच्या देवपुरातले नाना गाडीच्या मालकाला पहिला प्रश्न विचारतात तो असा: "बिघडनी तवय गाडीमा कोन कोन व्हतं?"

नाना गाड्यांच्या वायरिंगचे मिस्त्री. अधूनमधून येणारा बिघाड रिकाम्या गाडीत सापडत नाही, ज्या वजनानं बिघडली त्याच वजनानं तपासायची, हे त्यांचं शास्त्र. एका नवरदेवाची गाडी त्यांनी नवरा-नवरी, करवली आणि दोन मामांसकट पुन्हा फिरवली होती. नवरी एव्हाना सासरी चांगली रुळली होती, तरी.

दसरा झाला की त्यांचं डोकंच फिरतं. लोक पूजेला बॉनेट उघडून नारळ फोडतात, पाणी नेमकं सेन्सरच्या सॉकेटात जातं आणि समोर पिवळा दिवा लागतो. "देव बठ्ठीकडे शे," नाना खेकसतात, "पन सॉकेटमा त्याले कसाले कोंबतस?"

मध्यंतरी आमची गाडी चालता चालता बंद पडायला लागली. आणि दुसऱ्याच दिवशी आईला सावद्याला न्यायचं होतं. तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आईचा जीव टांगणीला लागलेला. नानांनी आई, बायको, पोरं, सगळ्यांना गाडीत बसवलं. वर आईला बजावलं की अक्का, गाडी बंद पडली तेव्हा सुनेला बोलत होता ना, तसंच चालू ठेवा. आईला काय, आयतंच निमित्त मिळालं.

पांझरेच्या पुलावर गाडी बंद पडली. नानांनी बॉनेटखाली डोकं घातलं, तारा हलवल्या, काहीतरी गुंडाळलं आणि म्हणाले, अजून खात्री नाही. मग दुपारभर आम्ही फिरतोय! गाडी काही बंद पडेना. पोरं भेंड्या लावत होती, नाना पोरांच्या वरताण गात होते. शेवटी मी वैतागलो.

"नाना, उद्या आईला पोचायचंय. बिघाड सापडला की नाही, खरं सांगा."

नानांनी गाडी कडेला घेतली. "पुलवरच सापडी गया. सेन्सरनी तार घासायेल व्हती, टेप लाई दिधा." मग खाली बघत म्हणाले, "घरमा बोलाले कोनी नही रे भाऊ. म्हंतलं, आखो थोडं फिरूत."

मला फार वाईट वाटलं.

आई मागून म्हणाली, "मला नाही या गाडीचा भरवसा. उद्या नाना सोबत असतील तरच मी सावद्याला येईन."

सकाळी आम्ही खाली उतरलो तर नाना इस्त्रीचा सदरा घालून गाडीपाशी उभे. अवजारांची पेटी मात्र घरीच विसरले होते.